कूलरपाशी ठेवलेल्या निळ्या चपला

घरातली वीज पहिल्यांदा गेली तेव्हा मी एका शिक्षणमहर्षींच्या बालपणात होतो. ते कंदिलाच्या उजेडात अभ्यास करत होते, तेवढ्यात माझ्यासमोरचा पडदा काळा झाला, डोक्यावरचा पंखा मंदावला आणि स्वयंपाकघरात मिक्सर अर्ध्या चटणीवर थांबला. बायको तिथूनच म्हणाली, "गेली." मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या घरात टीव्ही चालू होता. म्हणजे गेली ती फक्त आमची.

मी घरी बसून गौरवग्रंथ तयार करतो. कुणाची पंचाहत्तरी असते, कुणी संस्थेतून निवृत्त होतो, कुणाचा पुतळा बसायचा असतो. त्या निमित्तानं लेख मागवायचे, आले नाहीत तर ज्याच्याकडे मागितले त्याच्या नावानं स्वतःच लिहायचे, शुद्धलेखन तपासायचं, फोटो लावायचे, पानं जुळवायची. या धंद्यात इतकी वर्षं काढूनही कागदावर मला एकही साधा माणूस भेटलेला नाही. सगळे खडतर परिस्थितीतून वर आलेले असतात. सगळ्यांचे वडील शिस्तीचे, आणि सगळ्यांच्या आया 'करारी पण प्रेमळ'. हे तीन शब्द मी इतक्यांदा टाइप केले आहेत की पहिलं अक्षर दाबलं की उरलेलं कॉम्प्युटर स्वतःच सुचवतो.

तो कॉम्प्युटर नवा होता. जुना शिक्षणमहर्षींचे फोटो उघडताना धापा टाकायचा, म्हणून होळीच्या सुमारास मी नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानातून नवा जुळवून आणला होता.

त्याच आठवड्यात आई आली.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. उमरेडला दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहत होती. आमचं घराणं विणकरांचं. वडील तरुणपणी हातमागावर बसायचे, पुढे माग गेला आणि ते शाळेत लिपिक झाले. आईनं त्या काळात कांड्या भरल्या, सूत उकललं, तुटलेले धागे जोडले. अजूनही तिची बोटं रिकामी राहत नाहीत, पदराचं टोक तरी चाळत असतात. तिला घेऊन यायला मी टेम्पो केला, कारण एका ट्रंकेशिवाय तिला आणखी एक वस्तू आणायची होती. वडिलांनी ओळखीच्या पत्रेवाल्याकडून बनवून घेतलेला कूलर.

आमच्याकडे कूलर होता, प्लॅस्टिकचा, हलका. तिचा पत्र्याचा, लोखंडी स्टँडवरचा, दोन माणसांनाही न उचलवणारा. तिच्या खोलीच्या खिडकीबाहेर अंगणात तो बसवला. काळ्या मातीत स्टँडचे चारही पाय चार बोटं रुतले. आईनं त्याला ओल्या फडक्यानं पुसलं आणि आम्हाला अटी सांगितल्या.

"उन्हाळाभर राहून पाहीन. जमलं तं जमलं. नाही तं उमरेडची गाडी काही बंद नाही झाली."

मला ती राहायला हवी होती. तिकडे ती बीपीची गोळी विसरायची, फोन ट्रंकेवर ठेवून शेजारी जाऊन बसायची, आणि तिनं दोनदा फोन उचलला नाही की माझ्या हातून काम होत नसे. पण हे मी तिला म्हटलं नव्हतं. आमच्या घरात असं तोंडावर म्हणत नाहीत. 'राहा ना' असं दोनदा म्हटलं की पाहुण्यासारखा आग्रह वाटतो, आणि आग्रह झाला की माणूस पिशवी भरायला घेतो. म्हणून मी गप्प राहून तिची खोली थंड ठेवायची, एवढंच ठरवलं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात सत्तरीच्या माणसाला थांबवायचं तर दुसरं काही देता येत नाही.

आणि नेमकी तीच खोली आता थंड राहत नव्हती.

दाराजवळच्या डब्यात खटक्यांची एक रांग आहे. वरच्या मजल्यावर खोली बांधली तेव्हा सगळी वायरिंग नवी केली होती, तेव्हाचा हा डबा. त्यात बारीक खटके पुष्कळ आणि एक मोठा. पडायचा तो हा मोठा. तो वर केला की कधी राहायचा, कधी हातातच परत पडायचा. कॉम्प्युटर बंद करून वर केला की मात्र हमखास राहायचा. वीज गेली की आईचा कूलर बंद, आणि एप्रिलमध्ये दहा मिनिटांत त्या खोलीची भट्टी. मी कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद करायचो, मग डब्याकडे पळायचो. तोवर आई दारात येऊन पदरानं वारा घेत बसलेली असायची.

"उमरेडले लाईट जात नाही," ती एकदा म्हणाली. हे साफ खोटं होतं, आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे.

बायको शाळेत गणित शिकवते. तिनं सांगितलं, वही ठेवा. मी वही ठेवली. रकाने आखले: वेळ काय, काय काय चालू होतं, परत केव्हा आली. मी पंख्यांची नोंद केली, फ्रिजची केली, मोबाइलच्या चार्जरचीही केली. दोन आठवड्यांत वही चांगली दिसायला लागली. वीज जायची ती बहुधा सकाळी दहानंतर आणि दुपारी चारच्या पुढे, आणि दर वेळी कॉम्प्युटर चालू असायचा. आता मी दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो, त्यामुळे कॉम्प्युटर चालू नसताना वीज जायला मी तिला संधीच दिलेली नव्हती, हे बायकोनं दाखवून दिलं. मग एक दिवस मी कॉम्प्युटर सकाळपासून बंद ठेवला. वीज गेली नाही. गुन्हेगार सापडला.

पण कॉम्प्युटर विजेला काय करतो, ते कळत नव्हतं. म्हणून साहेबांना बोलावलं.

साहेब आमच्याच ओळीत शेवटच्या प्लॉटवर राहतात. वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आहेत, आणि तो हुद्दा फाटकावरच्या पाटीवर तीन ओळींत आहे. नाव त्याखाली, बारीक. ते हात पाठीमागे बांधून आले. डब्याकडे दुरून पाहिलं, झाकण उघडलं नाही. आई सोफ्याजवळ खाली बसून गवार मोडत होती. बायकोनं पाणी आणून दिलं.

"हे कधीपासून होत आहे?" त्यांनी विचारलं.

"होळीपासून."

"मग आता विचार करा. होळीच्या सुमारास घरात नवीन काय आलं?"

"कॉम्प्युटर," मी म्हणालो.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

गवारीच्या शेंगा मोडायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"तेच तर," साहेब म्हणाले. "लोड. तुमच्या मंजूर भारावर हे नवीन उपकरण आलं. अख्ख्या तालुक्यात मी हेच पाहिलं आहे. माणूस वस्तू आणतो, पण पत्रव्यवहार करत नाही." मग त्यांनी मंजूर भार वाढवून घेण्यासाठी करायच्या अर्जाचा मसुदा तोंडी सांगितला. तो चांगला होता. गौरवग्रंथात चालला असता. चहा पिऊन ते गेले.

बायको दार लावताना म्हणाली, "डबा उघडून पाहिला असता तर काय पाटी खाली पडली असती का?"

संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "साहेबाले तू अर्धंच सांगितलं."

"काय अर्धं?"

"होळीले तं मी बी आली होती."

आणि ती हसली. एकटीच हसली. बायकोनं मान खाली घालून भाजी वाढली. मी काहीतरी विनोद करायला हवा होता, किंवा सरळ काहीतरी बोलायला हवं होतं. दोन्ही जमलं नाही, म्हणून ताक मागितलं. दुसऱ्या दिवशी आईनं बायकोला विचारलं, "काहून वं, उमरेडची सकाळची गाडी अजून आठालेच निघते का?"

कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून मी सदरला घेऊन गेलो. दुकानदारानं तो एसीत, गुळगुळीत टेबलावर ठेवला आणि चार तास चालवला. काहीच झालं नाही. "मशीन तो मक्खन है, भैया," तो म्हणाला. मग माझ्याकडे जरा दयेनं पाहून, "घर की अर्थिंग देखो." मला हे वाक्य 'घरचे संस्कार कमी पडले' अशा चालीचं वाटलं. परत आणून लावला, आणि चार वाजून वीस मिनिटांनी वीज गेली.

मग इलेक्ट्रिशियन. पन्नाशीचा माणूस, खिशात टेस्टर, गालात तंबाखूचा खर्रा. आमच्या हुडकेश्वर भागातली निम्मी घरं त्यानं जोडलेली आहेत. त्यानं डबा उघडला आणि मोठ्या खटक्यावर टेस्टर टेकवून म्हणाला, "भाऊ, बिमारी कॉम्प्युटरले नाही. याले आहे. हा लय नाजूक असते. जरासं काही झालं का पडला."

"पण तो कशासाठी असतो?"

"करंट कुठून जमिनीत गळून राहिला तं घर बंद कराले."

"मग आपल्या घरात करंट गळतो आहे का?"

"जरासा तं सगळ्याच घरी गळते गा. पुऱ्या लेआउटमध्ये कोणाच्या घरी हा चालून राहिला, सांगा बरं? मीच काढले सगळ्यांचे. डायरेक्ट करून देतो, टेंशन खतम."

"धोका?"

"माह्या घरी वीस वर्षांपासून डायरेक्ट आहे," त्यानं सांगितलं, आणि आपण जिवंत आहोत हे दाखवायला छातीवर हात ठेवला.

मी विचार केला. शंका घेणारा माणूस म्हणून माझी घरात आणि घराबाहेर थोडीफार ख्याती आहे. साहेबांच्या लोडवर मी शंका घेतली होती, दुकानदाराच्या अर्थिंगवर घेतली होती. पण खोलीत आई पदरानं वारा घेत बसली होती, आणि तिच्या उशाखाली बसच्या वेळा लिहिलेला चिठोरा मी सकाळीच पाहिला होता. ज्या एका माणसावर शंका घ्यायला हवी होती, त्याला मी म्हणालो, "करून टाका."

दहा मिनिटांत झालं. तो मोठा खटका डब्यात दिसायला तसाच राहिला, पण त्याच्यातून काही जात नव्हतं. मी ज्यांच्यावर ग्रंथ करतो त्यांच्यातले काही सल्लागार मंडळावर असेच असतात.

त्यानंतरचे अकरा दिवस आमच्या घरातले उन्हाळ्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. वीज एकदाही गेली नाही. शिक्षणमहर्षी बालपणातून निघून कॉलेजात गेले, संस्था काढली, परदेश दौरा केला. आईची खोली गार राहिली. ती दुपारी पोटभर झोपायला लागली. तिनं गाडीची चौकशी करणं सोडलं आणि एकदा तर बायकोला म्हणाली, "आंब्याचं लोणचं यंदा इथंच घालू." मी हे वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. मसाला, बरणी, मुरायला लागणारे दिवस. लोणचं घालणारं माणूस ते मुरायच्या आत जात नाही.

बाराव्या दिवशी चारच्या सुमारास शिक्षणमहर्षींच्या स्वीय सहायकाचा फोन आला. घरात आवाज तुटतो म्हणून मी अंगणात गेलो. आई कूलर भरायला बाहेर आली होती. ती रोज दोनदा भरायची, सकाळी दहाला आणि दुपारी चारला. ते काम तिनं आल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलं होतं आणि कुणाला करू देत नव्हती. मला ते तिचं कूलरवरचं प्रेम वाटायचं. वडिलांचा कूलर, वगैरे. ग्रंथात असंच लिहितात.

"सर, मुखपृष्ठाच्या फोटोखाली 'ज्ञानतपस्वी' टाकायचं का 'कर्मयोगी'?" फोनमधून आवाज आला.

आईनं खिडकीच्या कठड्यावरून निळ्या रबरी चपला काढल्या आणि पायात घातल्या. त्या चपला तिथं होळीपासून होत्या. मी रोज पाहत होतो. माझी आई घराच्या फाटकापासून आत चप्पल घालत नाही. भर उन्हात तापलेल्या फरशीवरून तुळशीपर्यंत अनवाणी जाते. मग तिनं भिंतीला टेकवलेला लाकडी पाट कूलरसमोर टाकला आणि चपलांसकट त्यावर उभी राहिली. मग उजवा हात उलटा केला, आणि बोटांची पाठ पत्र्याला हलकेच लावून लगेच काढली. गरम तव्याला लावावी तशी. हात झटकला. पुन्हा लावली. थोडं थांबली. मग डाव्या हातानं झाकण सरकवून पाइप आत सोडला.

"सर? दोन्ही टाकू का?"

"दोन्ही टाका," म्हणून मी फोन ठेवला.

"आई, हे काय करते आहेस?"

"पाणी भरून राहिली. काय करून राहिली?"

"तो हात. उलटा हात का लावलास?"

"चावते का ते पाहाले."

"चावते म्हणजे?"

"चावते म्हंजे चावते. आतला पंप चालू असला का पत्रा चावते. तुले नाही ठाऊक? उलटा हात लावला तं हात मांगं फेकला जाते. सुलटा लावला तं धरून ठेवते." ती शांतपणे सांगत होती, दूध उतू जाण्याबद्दल सांगावं तसं. "तुह्या बाबानंच शिकवलं."

"म्हणजे बाबा असल्यापासून चावतो आहे?"

"बाबू, कूलर आहे तो. चावनारच. कोणाचा नाही चावत?"

आणि हेच तर मला शोभत नव्हतं, कारण मलाही हे माहीत होतं. नागपुरात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. लहानपणी आम्हाला सांगायचे, कूलरला ओला हात लावू नको, चप्पल घाल, लांबून फिर. बैल लाथ मारतो, कुत्रं भुंकतं, कूलर चावतो. त्याचा तो स्वभाव. दर उन्हाळ्यात कुठंतरी कुणीतरी कूलरला चिकटून जातं, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि आपण वाचून म्हणतो, चप्पल घातली नसेल. कूलर दुरुस्त करावा असं कुणाला वाटत नाही. स्वभावाला काय दुरुस्त करणार?

माझ्या वहीत पाण्याचा रकाना नव्हता. दहा आणि चार.

मी आत पळालो आणि सगळी वीज बंद केली. मग तिथंच डब्यासमोर उभा राहिलो. आईची बोटं जे ओळखत होती तेच तो मोठा खटका ओळखत होता. तो रोज दोनदा ओरडून सांगत होता, आणि मी त्याला काढून टाकला होता. अकरा दिवस, दिवसातून दोनदा, ओल्या हातांची माझी आई आणि तो पत्रा यांच्या मध्ये एक पाट आणि रबराच्या चपलांचा जोड, एवढंच होतं. ते तिनं स्वतः ठेवलं होतं. मी तिची खोली गार ठेवत होतो.

आई आत आली. "काहून बंद केली? पाणी अर्धंच भरलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

ती खाली बसली आणि पदराचं टोक बोटांत घेतलं.

"सांगितलं असतं तं तू त्याले भंगारात देला असता."

"नसता दिला."

"देला असता. तुह्या घरात सगळं नवं आहे. तो साहेब विचारून राहिला होता ना, घरात नवीन काय आलं म्हणून. तवाच मले समजलं होतं का हा असन. म्हटलं, याले नाव ठेवलं का मले बी ठेवलं. उन्हाळा काढू, मंग मी आन् हा दोघंबी उमरेडले जाऊ. तुही लाईट नाही जाणार."

बायको शाळेतून नुकतीच आली होती आणि दारात चपला काढत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती येऊन आईजवळ बसली आणि म्हणाली, "आई, लोणचं अर्ध्यात सोडून जाणार होत्या का तुम्ही?"

"लोणचं तुह्यासाठी होतं वं," आई म्हणाली.

मी तेव्हा शेवटी ते म्हणालो. वाक्य काही चांगलं जमलं नाही. माझ्या हाताखालून इतकी भाषणं गेली आहेत, पण स्वतःचं बोलताना क्रियापद सापडेना. "तू जायचं नाहीस. कूलर पण नाही. दोघं इथंच." एवढंच. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं, मंग आधी तो लाईटवाला बोलाव. मले गरम होऊन राहिलं."

इलेक्ट्रिशियन तासाभरात आला. मी त्याला पहिलं काम सांगितलं: मोठा खटका जसा होता तसा जोडा. तो कुरकुरला, पण जोडला. मग कूलर चालू केला, कॉम्प्युटर चालू केला, आणि आईनं अर्धवट राहिलेलं पाणी पाइपनं भरलं. मी तिला पत्र्यापासून चार हात लांब उभं केलं होतं. टाकी भरली, पाणी सांडून स्टँडच्या पायांशी माती भिजली, आणि खट्. घर बंद. मग त्यानं कूलरचा पंप काढून ठेवला आणि सगळं पुन्हा चालू केलं. खटका वर राहिला. कॉम्प्युटर चालत राहिला.

कूलरची जाळी उघडून तो आत डोकावला आणि पहिल्यांदाच गंभीर झाला. पंपाची वायर जाळीतल्या गवताखाली दोन ठिकाणी नुसती पीळ देऊन जोडलेली होती, चिकटपट्टी केव्हाच गळून गेली होती. वर पिन दोनच टोकांची, म्हणजे पत्र्याला जमिनीशी जोडणारी तार नव्हतीच. कूलर पाण्यातून पत्र्यात, पत्र्यातून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून ओल्या मातीत वीज सोडत होता. कॉम्प्युटरही थोडीशी सोडतो, म्हणे सगळेच सोडतात. एकेकटे असते तर चाललं असतं. दोघं मिळून त्या खटक्याला झेपत नव्हते. कॉम्प्युटरचा गुन्हा एवढाच की तो शेवटचा थेंब होता, आणि साहेबांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी त्या थेंबाची चौकशी केली.

"मी तं म्हटलंच होतं, करंट गळून राहिला असन," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"तुम्ही म्हटलं होतं, सगळ्यांच्याच घरी गळते."

"गळतेच ना गा," तो म्हणाला. पण जाताना त्यानं मला हळूच विचारलं की असा मोठा खटका सध्या कुठं चांगला मिळतो. त्याच्या घरीही कूलर आहे. पत्र्याचाच.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा पंप लावला, तीन तारांची वायर ओढली, पत्र्याला तार जोडली. मग घरामागचा अर्थिंगचा पाइप पाहायला गेला. तो बांधकामाच्या वेळी पुरला होता, नंतर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. उन्हानं काळी माती अशी फाटली होती की पाइपाभोवतीच्या भेगेत हात गेला असता.

"ही पाहा तुमची अर्थिंग," तो म्हणाला. "जमीन वाळली का अर्थिंग मेली. उन्हाळाभर यात रोज बादलीभर पाणी टाकत जा."

मी मान हलवली. मान हलवून विसरून जायच्या गोष्टींची माझ्याकडे मोठी यादी आहे. पण आई मागं उभी होती. तिनं विचारलं, "सकाळी टाकाचं का संध्याकाळी?"

"केव्हाही टाका, मावशी. फक्त खाडा नका करू."

साहेब चार दिवसांनी आले. घडलेलं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं ना. अर्थिंग." बायकोनं तोंड उघडलं होतं, पण मी चहा मागितला. त्यांचा गौरवग्रंथ कधी निघाला तर हा प्रसंग त्यात येईल, आणि तो बहुधा मलाच लिहावा लागेल.

शिक्षणमहर्षींचा ग्रंथ वेळेवर निघाला. छपाईला द्यायच्या आधी मी त्यांच्या आईवरचं पान पुन्हा उघडलं. 'करारी पण प्रेमळ' तिथं होतंच. मी स्वीय सहायकाला फोन करून विचारलं, महर्षींच्या आई हातानं काय करायच्या, म्हणजे रोज काय करायच्या, असं काही मिळेल का. तो थोडा गोंधळला. संध्याकाळी निरोप आला की तेवढ्या जागेत फोटो मोठा करा. मी केला.

आता आमच्या घरी सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की आई उरलेली बादली घेऊन मागं जाते आणि पाइपात ओतते. माती ते घटाघट पिते, तो आवाज तिला आवडतो. बायकोनं पाहिलं, एक दिवस तिथं जास्वंदीचं फूलही होतं. ज्या ज्या गोष्टींसमोर मी आजवर माणसांना हार घालताना पाहिलं आहे, त्यांच्या मानानं त्या पाइपाचं काम बरंच चोख आहे.

निळ्या चपला अजून कठड्यावर आहेत. आई त्या घालते, पाटावर उभी राहते, उलटी बोटं पत्र्याला लावते. एकदा म्हटलं, "आता चावत नाही तो." म्हणाली, "ठाऊक आहे. विचारून घेते."

गेल्या आठवड्यात उमरेडहून मावशीचा फोन आला, दहा-पंधरा दिवस राहायला ये म्हणून. मी दुसऱ्या खोलीत पानं लावत होतो. बोटं थांबवून ऐकलं.

"दोन दिवस येईन," आई म्हणाली. "जास्त नाही जमत वं. इथं मांगं एक पाइप आहे, त्याले रोज पाणी लागते. हे दोघं विसरतात."